मूठभर साखर

आई, गेल्या आठवड्यात तुझ्या नातीला, भावाच्या धाकटीला, जुलाब लागले आणि साखर-मिठाचं पाणी मीच केलं. चमच्यानं मोजून साखर घातली, मीठ घातलं, आधी स्वतः चाखलं, मग पाजलं. दोन दिवसांत पोरगी ताटली बडवत बसली. तेव्हापासून तुला लिहायचं डोक्यात आहे.

तो दिवस तू कधी विसरली नाहीस. मी नऊ वर्षांची, भाऊ दीडचा, त्याला पहाटेपासून जुलाब. मेथीच्या जुड्या बांधून तयार, बाजारात गेल्या नाहीत तर दुपारपर्यंत पिवळ्या पडणार. टोपली डोक्यावर घेता घेता तू सांगतेस, "तांब्याभर गार केल्यालं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. घोट घोट पाजत ऱ्हा. इसरू नको." मी विसरले नाहीच. डब्यात साखर जेमतेम मूठभर होती. मला वाटलं, मीठ हे औषध, साखर नुसती चवीला, आणि पोरगं तसंही रडतंयच. मीठ पाण्यात घातलं आणि साखर पोळीत गुंडाळून मी खाल्ली.

तू परतलीस तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते. शेजारच्यांच्या टेम्पोतून दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, संध्याकाळी तो खणखणीत रडला आणि आपण दोघी हसलो. पण दोष तू स्वतःकडं घेतलास. "मी बाजाराला गेलेच नसते तर," हे पुढं किती वर्षं ऐकलं! घरात कोणाला नुसती शिंक आली तरी तू टोपली उचलायची नाहीस.

अकरावीला पेशीचा धडा चालू होता. सर म्हणाले, आतड्याच्या पेशीला मीठ आत घेणारं एक दार असं आहे की सोबत साखर असली तरच ते उघडतं. दोघं आत गेली की मागोमाग पाणी जातं. जुलाबातसुद्धा हे दार चालू राहतं. "तेव्हा ती साखर चवीपुरती नसते," असं म्हणून ते फळ्याकडं वळले. वर्ग लिहून घेत होता, मी स्वतःच्या मुठीकडं बघत होते.

परवा भावाला सगळं सांगून टाकलं. सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आला होता, चहा पीत होता. म्हणाला, "एवढंच व्हय, ताई? मला वाटलं, काय केलंस काय! जगलो ना मी? चहात मात्र अजून बी साखर कमीच टाकती तू." मी हसले, मग रडले. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, खरंच उतरलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, ते एका परीनं बरंच आहे. कारण एक गोष्ट तुझ्यासमोर बोलता आली नसती. सरांनी सांगितलं तेव्हा तू होतीस. त्यानंतरही चार वर्षं होतीस. तू स्वतःला बोल लावायचीस आणि मी शेजारी बसून, खाली मान घालून जुड्या बांधायचे. मी बोलले असते तर तू एकदा रागावली असतीस आणि सुटली असतीस. मला ते एकदाचं रागावणंही नको होतं.