मी असाधारण असल्याचे पुरावे

१२ जानेवारी
मार्चअखेरपर्यंत मी असाधारण आहे हे सिद्ध करायचं आहे!

वकीलबाई निधी आज फोनवर म्हणाल्या, "नेहमीच्या रांगेत राहिलात तर ग्रीन कार्ड येईल तेव्हा ते तुमच्या हार घातलेल्या फोटोपुढे ठेवावं लागेल. दुसरी एक रांग आहे, छोटी. एक्स्ट्राऑर्डिनरी लोकांची." मी म्हटलं, अहो, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणाल्या, "असू दे. पुरावे गोळा करा."

हसण्यावारी नेण्यासारखं नाही. व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधा, नाहीतर चंबूगबाळं आवरा. मुलगी, आन्या, नववीत आहे. तिला पुणं म्हणजे सुट्टीतले आंबे, एवढंच माहीत. तिला असं मधूनच कसं उपटून न्यायचं?

१५ जानेवारी
उर्वीला सांगितलं. बायको हसून हसून सोफ्यावर आडवी. मग डोळे पुसत म्हणाली, "असाधारण माणसा, डिशवॉशर रिकामा कर."

२० जानेवारी
तो 'एक्स्ट्राऑर्डिनरी' शब्द डोक्यातून जाईना म्हणून ऑफिसच्या पँट्रीत विषय काढला, तर तिथे सभाच भरली. पॅरिसची कामील म्हणाली, 'एक्स्ट्राऑर्डिनेर' आम्ही बऱ्यापैकी जमलेल्या सूपलाही म्हणतो. मेक्सिकोच्या एमिलियोच्या शाळेत 'एक्स्त्राओर्दिनारियो' म्हणजे नापास झालेल्यांची फेरपरीक्षा! तोरिनोची मार्चेला म्हणाली, आमच्याकडे ओव्हरटाइमला 'स्त्राओर्दिनारियो' म्हणतात. मूळ लॅटिन शब्द एकच म्हणे. सूप, फेरपरीक्षा, ओव्हरटाइम — यांत कुठेतरी मी बसेन असं वाटून जरा धीर आला.

मराठीत काय म्हणतात, असं मलाही विचारलं. मला आईचं "तू काय जगावेगळा लागून गेलास?" एवढंच आठवलं. भाषांतर करायचं टाळलं.

२ फेब्रुवारी
बक्षिसं हवीत! पुण्याला बाबांना फोन केला. ते निवृत्त हेडमास्तर, माझा प्रत्येक कागद जपून ठेवलेला. कपाट उघडून शाळेतल्यासारखं खड्या आवाजात वाचत गेले. वक्तृत्व — उत्तेजनार्थ. चित्रकला — उत्तेजनार्थ. हस्ताक्षर — उत्तेजनार्थ. "परीक्षित, पहिल्या तिनांत तू कुठेच नाहीस," ते म्हणाले. "पण सातत्य आहे हो."

निधीबाईंनी त्याचं इंग्रजी करून टाकलं: परीक्षकांकडून वारंवार विशेष दखल. मला स्वतःबद्दल उगाचच आदर वाटला.

९ फेब्रुवारी
दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण केलेलं असणं, हाही एक पुरावा. मला कोण परीक्षक करणार? इथल्या मराठी मंडळाने केलं — उशिराने झालेल्या संक्रांतीच्या तिळाच्या वड्यांच्या स्पर्धेला. निधीबाई म्हणाल्या, "चालेल. गुणवत्ता चाचणी असं लिहू."

काम मात्र मी चोख केलं. मंडळातल्या सुमित्रामावशींच्या ताटलीपुढे 'पाक कच्चा, वडी दाताला चिकटते' असं लिहून ठेवलं. सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू जन्मात कधी वडी थापली आहेस का रे?" आता आमच्या घराशीच अबोला धरलाय. उर्वी म्हणते, तुझ्या असाधारणपणापायी मी माणसं तोडणार नाही. उद्या मला माफी मागायला जायचं आहे.

२२ फेब्रुवारी
शिफारसपत्रं. लोकांनी माझ्याबद्दल मनापासून दोन शब्द लिहावेत अशी माझी भाबडी कल्पना. प्रसाद — माझा मॅनेजर, डोंबिवलीचा — म्हणाला, "अरे यार, तू ड्राफ्ट कर ना, मी साइन करतो." मग बाकीचेही तेच म्हणाले. आता वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून मीच माझे गोडवे गातोय. आधी लाज वाटली. एक चांगलं वाक्य तर खोडूनच टाकलं. मग चहा प्यायलो आणि परत लिहिलं, जरा वाढवून.

२६ फेब्रुवारी
बाकीच्यांनी न वाचता सह्या केल्या. प्रसादने पूर्ण वाचलं. दोनदा. मान वर करून माझ्याकडे बघतच राहिला. "बॉस, इतकी वर्षं एकत्र काम करतोय, मला पत्ताच नाही. तू इतका भारी आहेस?" मी विनयाने खाली बघितलं.

१२ मार्च
प्रसाद बिघडलाय! मीटिंगमध्ये कुठलाही प्रश्न आला की "परीक्षितला विचारा". आज डेटाबेसपासून एसीपर्यंत सगळं मला विचारून झालं. एसीबद्दल मला काहीही मत नव्हतं, पण सगळे वाट बघत होते म्हणून एक आकडा सांगून टाकला. दुपारपासून सगळं ऑफिस स्वेटर घालून कुडकुडतंय. कोणी ब्र काढत नाही. मीसुद्धा.

२९ मार्च
फाइल गेली. आता वाट बघणं.

जाण्याआधी आन्याने ती चाळली होती. आज नाश्त्याला बराच वेळ मला निरखत होती. "बाबा, आर यू लाइक, फेमस?" मी म्हटलं, नाही गं. "ओके. गुड," म्हणाली आणि टोस्ट खाऊ लागली. मला इतकं हलकं वाटलं! ही पोरगी इथल्या शाळेतून इथेच पास होऊ दे, बाकी मला काही नको.

१७ एप्रिल
कंपनीत कपात. आमच्या टीममधून एकाला काढायचं होतं.

प्रसादने केबिनचं दार लावून घेतलं. त्याचे डोळे भरून आले होते. "दोन दिवस जेवण गेलं नाही रे. मार्चेलाला काढू? एमिलियोला? त्यांना बाहेर कोण विचारणार, यार? तुझी एकट्याची मला काळजी नाही." आणि त्याने मला काढलं.

फाइलीचं उत्तर अजून आलेलं नाही. आन्याला काय सांगायचं ते कळत नाही. पण फाइलीतला शब्द न् शब्द खरा मानणारा एक माणूस मिळाला.