डाव्या पायाची शिलाई

ता. १४ मार्च, रविवार

चि. छकुलीस,

दादाचा आशीर्वाद. साठी उलटली तरी तू छकुलीच, त्याला आता इलाज नाही. हात कोरडे करून पत्र वाच. मागचं अर्धं भांड्यांच्या पाण्यात धुऊन निघालं म्हणालीस. मेहुण्यांचा खोकला कसा आहे?

इकडे ठीक. दुकान चालू आहे. लोक हल्ली तयार कपडे घेतात आणि माझ्याकडे फक्त चेन बदलायला येतात. तुझी वहिनी असती तर म्हणाली असती, चेन तर चेन, माणूस दारात येतोय ना.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझी डावी मांडी पार सुकली, हे तुला माहीत आहेच. सगळ्या पँटींचा डावा पाय मी आत घेतला होता. मग डॉक्टरांनी सुयांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथली बाई केसासारख्या सुया मांडीत टोचते, त्यांना चिमटे लावून वायरी एका डबीला जोडते आणि बटण फिरवते. वीज अगदी सौम्य, पण स्नायू आपोआप उडायला लागतो. पहिल्या दिवशी ती विचारत होती, "काका, लागतंय का?" तिला म्हणायचं होतं, करंट जाणवतोय का. मला वाटलं, दुखतंय का विचारते. मी आपला ताठ मानेने "छे, अजिबात नाही" म्हणत राहिलो आणि ती बटण वाढवत राहिली. शेवटी एका लाथेसरशी तिचा कापसाचा डबा भिंतीवर. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. वहिनी गेल्यापासून मी असा कुणाबरोबर हसलो नव्हतो.

मग आठवड्यातून दोनदा जायला लागलो. पडल्या पडल्या तिच्या सासूच्या तक्रारी ऐकायच्या. सुई काढली की रक्त येऊ नये म्हणून ती त्या जागी अंगठा दाबून धरते. छकुले, मला माणसाचा हात लागतो तो तेवढाच.

हळूहळू मांडी भरली. पँट तटतटायला लागली, तेव्हा डावी शिलाई उसवून परत सैल केली. म्हणजे पाय सुधारल्याचं मला तिच्या आधी कळलं होतं, आणि मी तोंडातून अक्षर काढलं नाही. अधूनमधून ती एका यंत्रावर पाय ढकलायला लावून जोर मोजते. दोन्ही पाय सारखे भरले की उपचार संपले. म्हणून मी डावा मुद्दाम ढिला सोडायचो.

परवा बोलण्याच्या नादात उजवा ढिला सोडला.

आकडे बघून ती म्हणाली, "काका, तुमचा चांगला पाय बिघडला की काय?" चोराच्या मनात चांदणं. मी पटकन डाव्या मांडीवर हात ठेवला आणि कण्हलो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता दोन्ही ढकला. मनापासून."

ढकलले. सारखे भरले.

"आता यायची गरज नाही, काका." मग तिने विचारलं, "घरी कुणी आहे ना?"

"आहेत की," मी म्हणालो, आणि बाहेर येऊन चपला घालताना रडू आलं.

तू किती वर्षं लिहीत होतीस, दुकान बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये. मी आधी दुकानाचं कारण सांगितलं, मग पायाचं. खरं म्हणजे बहिणीच्या दारी राहायची लाज वाटत होती. हल्ली तुझ्या पत्रांत ते वाक्य नसतं. मी कागद उलटा करूनही बघतो. राग नाही गं. माणसाने विचारायचं तरी किती?

पाय बरा आहे. कठडा न धरता जिना चढतो. आपणहून येतो म्हणायला माझी जीभ रेटत नाही, स्वभाव तुला ठाऊक आहे. पण तू एकदा परत विचारून बघ. या वेळी माझ्याकडे कारण उरलेलं नाही.

तुझ्या विचारण्याची वाट पाहणारा,
तुझा दादा