पाटीवरची बंदूक

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. उत्तर न देणाऱ्या माणसाशी बोलायची सवय मला तुम्ही असतानाच भरपूर झाली होती. पण आज सकाळी वाचनालयाचे बापू नवी पाटी दाखवायला घेऊन आले आणि माझं डोकंच फिरलं.

गावच्या वाचनालयाला तुमचं नाव देतायत. उद्या कार्यक्रम आहे. पाटी पडवीत भिंतीला टेकवून ठेवलीय. तिच्यावर तुम्ही बर्फात उभे, हातात बंदूक, आणि खाली लिहिलंय, 'शत्रूला धूळ चारणारे रणझुंजार कर्नल'. पेंटरने मिशाही दिल्यात तुम्हाला!

आता सांगा, कोणाला धूळ चारलीत तुम्ही? अख्खी नोकरी रसदीत गेली. पीठ, तांदूळ, रॉकेल, खेचरं. "सरावाशिवाय मी एक गोळी झाडलेली नाही," हे तुम्हीच मला सांगितलंत. निवृत्तीनंतर पुस्तकं लिहिलीत तीही त्यातलीच. लढायांवर सगळेच लिहितात, तुम्ही लिहिलंत लढणाऱ्यांच्या जेवणावर. एकदा दाभोळला नेलंत, मला वाटलं समुद्र बघायला. तर भर उन्हात खाडीच्या तोंडाशी उभे राहून तुमचा विचार चाललेला, पलीकडच्या किल्ल्यावर पूर्वी तांदूळ कसा चढवत असतील. माझे पाय भाजत होते ते कुठल्या पुस्तकात आलं नाही.

कोणी पूर्वजांचा पराक्रम सांगायला आला की तुमचा ठरलेला प्रश्न, "पण ते जेवले काय?" आपल्याकडे दारात आलेल्या कोणालाही विचारतात तोच. माणसं चिडायची. त्यांच्या खापरपणज्याच्या तलवारीचाही पुरावा मागायचात तुम्ही.

आणि स्वतःच्या बाबतीत? दर सव्वीस जानेवारीला शाळेत तुमची ओळख करून देताना ही बंदूक थोडी थोडी मोठी होत गेली, आणि तुम्ही आपले खुर्चीत बसून हसत होतात. मी म्हणायची, अहो, खरं काय ते सांगा ना. तर म्हणे, "त्यांचा हिरमोड कशाला करायचा?" इतिहासकार ना तुम्ही? मग हे निस्तरायचं माझ्यावर का टाकून गेलात? फार राग आहे मला याचा.

बापूंना म्हटलं, पाटी बदला. ते म्हणाले, "वैनी, तांदळाचा काय लिवायचा? लोकां हसतील."

हसतील? खेडचे ते सुभेदार आठवतात? बर्फाने रस्ता बंद झाला तेव्हा वरच्या चौकीवर अडकले होते ते. निवृत्त झाल्यावर दर वर्षी आपल्या शेतातला तांदूळ घेऊन यायचे. तुमच्या तेराव्यालाही आले. पिशवी देव्हाऱ्याजवळ ठेवली आणि मला म्हणाले, "आमी वर उपाशी व्हतो. सायेब खेचरां घेऊन स्वता चढले. वर पोचले नि पयला विचारलानी, जेवलात काय? आमी हसलो, नि मग रडलो."

ही गोष्ट तुम्ही मला कधीच सांगितली नव्हती. दुसऱ्यांच्या लढायांच्या तळटीपा तेवढ्या ऐकवल्यात जन्मभर.

तर ठरलंय माझं. ती पाटी पडवीतून हलणार नाही. बापूंना तसं सांगितलं, ते तोंड पाडून गेले. उद्या मला बोलायला सांगितलंय. माइक हातात आला की सांगेन, ह्यांनी कधी कोणावर गोळी झाडली नाही, ह्यांनी उपाशी माणसांपर्यंत भात पोचवला. नवी पाटी होईल आणि तिच्यावर खेचर असेल. होऊ दे हिरमोड झाला तर. शब्द देते, तुमच्यासारखी नुसती हसत बसणार नाही.

रागारागात सकाळपासून पोटात काही गेलेलं नाही. तुम्ही गेल्यापासून विचारणारंही कोणी नाही. आता उठते आणि जेवून घेते.

तुमची,
सुमन