खिशातला अडॅप्टर

मंगळवार, संध्याकाळ

आज कॅमेरा दुरुस्तीसाठी जामनेरला नानांकडे गेले. गाय व्यायला आलेली, नानांचा पाय प्लास्टरमध्ये, त्यांच्या पत्नी अक्का गोठ्यात गायीपाशी, आणि नानांना घरातल्या टीव्हीवर गोठा दाखवणारा कॅमेरा बंद. उंदरांनी वायर कुरतडली होती. त्याच वायरीतून नेट आणि करंट दोन्ही जातात, म्हणून माझा नियमच आहे: आधी अडॅप्टर काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे मधेच कुणी लावणार नाही.

नवी वायर टाकली. तरी टीव्ही काळाच! अर्धा तास तपासत बसले. शेवटी खाटेवरून नाना म्हणाले, "बेटा, तुना खिसामा काय शे?"

अडॅप्टर! इतकी कशी मी वेंधळी?

लावला, तर टीव्हीवर अक्का हसतायत आणि वासरू उभं राहायला धडपडतंय. नाना प्लास्टर विसरून उठायलाच निघाले.

आत्ता लिहितानाही दोनदा खिसा चाचपला.