मागच्या खोलीतला राऊटर

पिंपळगाव राजा, मंगळवार संध्याकाळ

झालं! मुलाखतीत तासभर शिकवलं अन् चित्र एकदाही अडकलं नाही. ऑनलाइन गणित शिकवायची नोकरी मले मिळाली!

मागच्या मुलाखतीत अर्ध्या गणितात पडद्यावर अडकून बसले होते, तोंड उघडंच. सगळं मधल्या जाड भिंतीपायी. राऊटर समोरच्या खोलीत, मी मागच्या. म्हणून नवा घ्यायले दीर अन् मी खामगावले गेलो, तर दुकानदार सहा अँटेनांचा मोठा डबा दाखवून राह्यला. दीर म्हणाले, "वहिनी, हाच घ्या. लई पॉवरफुल हाय."

पण कितीबी अँटेना असल्या, तरी मधात ती भिंत हायच ना? मी लहानच राऊटर घेतला, अन् समोरच्या राऊटरपासून तार ओढून मागच्या खोलीत बसवला. भिंतीले भोक पाडताना दोनदा मोजून घेतलं. चुकलं तर? दीर तर हसूनच राह्यले होते.

आत्ता तेच स्वयंपाकघरात आले. "वहिनी, माह्या खोलीत बी असाच बसवून द्या ना."

"देईन भाऊजी. पण दुकानात तुम्ही बोलायचं नाही."