खोक्याच्या फळीचं व्हायोलिन

आई, काल दुपारी तुझं व्हायोलिन वाजलं. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण कालपासून ते माझ्या पोटात मावत नाहीये. सकाळी चहात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि तुझा जावई तो सगळा प्यायला.

तुला ते वर्ष आठवत असेलच. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, याशिवाय पेडण्यात दुसरं बोलणं नव्हतं. रस्ते अडवलेले, बस बंद, शाळाही बंद. मी नववीत होते आणि चर्चच्या फेस्ताला ऐकलेल्या व्हायोलिनने झपाटले होते. तू भाकरी थापता थापता विचारलंस, "लाकडाचां असता मां ता? मगे करूया." सावंतवाडीला माहेरी तू लाकडी खेळणी घडवत वाढलीस, म्हणून तुला लाकडाचं काहीच अवघड वाटायचं नाही. पण माप घ्यायला खरं व्हायोलिन हवं होतं, आणि ते होतं फक्त पलीकडच्या वाड्यावर, चर्चमध्ये गाणं शिकवणाऱ्या मेस्तांकडे. मेस्त कोकणीवाले, आपले बाबा मराठीच्या सभांना जाणारे. दोघांनी एकमेकांकडे बघणं सोडलं होतं. बाबा म्हणाले, "ह्या दिवसांत त्यांच्या दारात जातलंस?" तू परसातला भोपळा काखेत घेतलास आणि मला पुढे घालून निघालीस. मेस्त दारात उभे, चेहरा कठीण. तू म्हणालीस, "मेस्तांनू, माका भाषण नको. तुमचां व्हायोलिन होयां, दोन दिसांसाठी." ते आधी भोपळ्याकडे बघत राहिले, मग मोठ्याने हसले. "व्हर बाये," म्हणत व्हायोलिन तुझ्या हातात दिलं, "पूण सांबाळून."

मापं घेऊन तू ते परत केलंस, आणि मागची बाजू फणसाच्या लाकडाची केलीस. वरच्या पातळ फळीसाठी बस सुरू झाल्यावर बाबांनी मुरगाव बंदराच्या धक्क्यावरून परदेशी मालाच्या एका फुटक्या खोक्याची फळी आणली, सरळ रेषांची, हलकी. शिवोलीच्या फेरीबोटीत लोक त्यांना विचारत होते म्हणे, "कोणाचो पाट हो?" कडेच्या पट्ट्या मात्र आपण स्वयंपाकघरात वाकवल्या. चुलीत नळाचा लोखंडी तुकडा तापलेला, तू ओली पट्टी त्यावर टेकवून हळूहळू वळवतेस, वाफ निघते, आणि फणसाचं लाकूड वेलीसारखं वाकतं. मला राहवत नाही. मी दुसरी पट्टी उचलते, जोर लावते, आणि ती मध्येच तडकते. "भाकरी भाजतंस काय गो? सोड ता!" तू ओरडतेस. मग माझे हात तुझ्या हातांत धरून तिसरी पट्टी माझ्याकडूनच वाकवून घेतेस.

पुढे तुझी बोटं सुजायला लागली. वरची फळी तासून झाली होती, पण तिच्यात आवाजाची दोन भोकं कोरायची राहिली. पटाशी धरवेना, तेव्हा तू सगळं जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलंस. "तू कर मगे," एवढंच म्हणालीस. मग माझी डिचोलीची नोकरी, लग्न, मुलं, आणि तुझं जाणं. ते 'मगे' माझ्या स्वेच्छानिवृत्तीनंतर उजाडलं.

गाठोडं सोडताना वाळवीची भीती होती. एका पट्टीला ती लागलीच होती. तिच्या जागी मी नवी पट्टी वाकवली, आता गॅसवर. पण तुझी फळी शाबूत होती. तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचा, जिथे जाड वाटेल तिथे थोडं खरवडायचं, असं आठ-पंधरा दिवस चाललं. मोपाच्या विमानतळावर विमान उतरायला लागलं की थांबायचं, ते गेलं की पुन्हा ठोकायचं. मग भोकं कोरायचा दिवस आला. फळी एकच. पटाशी घसरली तर तसली फळी आणि तुझा हात मी कुठून आणणार होते? तुझा जावई म्हणाला, "तू काप. मी बागेत जातो, मला बघवायचं नाही." मी कापलं, आई. लाकडाला जुन्या राळेचा वास अजून होता, आणि एकही चीर गेली नाही.

मग सगळी पेटी सरसाने चिकटवली, मान बसवली आणि वाळू दिलं. काल तारा चढवल्या. खुंट्या पिळताना पेटी करकरली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. काही तुटलं नाही. मग तारांवर गज ओढला. आधी नुसती खरखर, आणि मग एक स्वर आला, लांब, भरलेला, सगळं स्वयंपाकघर व्यापणारा. बागेतून हा धावत आला आणि विचारतो, "कोण आलं गं?" मला हसू आवरेना, रडूही आवरेना. त्याने मग स्टूल ओढलं आणि म्हणाला, "परत वाजव." मला वाजवता कुठे येतंय? मी तोच एक स्वर पुन्हा पुन्हा ओढत बसले आणि तो ऐकत बसला. आवाज थोडा नाकातला आहे. मला तसाच आवडतो.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, कुणाला वाचूनही दाखवणार नाही. तुला एकटीलाच सांगते. वाड्यावर बातमी फुटली आहे, सगळे बघायला येऊ म्हणतात, मेस्तांची नातसुद्धा विचारून गेली. ती छान वाजवते म्हणे. मी सगळ्यांना सांगितलंय की सरस अजून ओला आहे, चार दिवस थांबा. सरस कधीचाच वाळलाय.