सभासद होऊन काय मिळतं, या तुझ्या प्रश्नाबद्दल

धाकटीस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे आणि सुनेचा स्वभाव, ही दोन्ही दुखणी उताराला लागली असतील अशी आशा करते. मी खुशाल आहे, जेवते-खाते, फक्त कालपासून छातीत धडधड आहे. मी आवाज देते त्या मंडळाचं सभासदत्व पुढे चालू ठेवायचं की सोडायचं ते शनिवारच्या आत कळवायचंय, आणि माझ्या हातून एक आगळीक झालीये. ओघात सांगते, लगेच रागावू नकोस.

तू मागच्या पत्रात टोमणा मारलास, "पाणपोईचं सभासद कोण होतं गं ताई?" तुझं खरंच आहे. आंधळ्या माणसांना लिहिलेलं वाचून दाखवणारा प्रोग्राम ही मंडळी बनवतात, तो सगळ्यांना फुकट, त्याची आतली वीणसुद्धा कोणीही उसवून बघावी. मग सभासदाला वेगळं काय? नातीला विचारलं, तर म्हणाली, "आजी, तुला मत आहे." (मत मला लग्नाआधीपासून आहे, विचारलं कोणी नव्हतं.)

काम सोपं. पडद्यावर वाक्य येतं, ते आपण मोठ्यानं वाचायचं, यंत्र त्यावरून शिकतं. मी चौथीपर्यंतची, अडखळत वाचते, तर म्हणाले अडखळणारेही हवेत. अगं, माझ्या अडखळण्याची आयुष्यात पहिल्यांदा कोणाला गरज पडली. मग सभासद म्हणून दुसऱ्यांचे आवाज तपासायला बसले. नीट वाचलं तर बरोबरची खूण, नाहीतर फुली, आणि खाली शेरा. मला फुली देववेना. कोणाकोणाची पोरं कामावरून दमून येऊन वाचतात. एकजण अर्धं वाक्य गिळून बसला, त्याला बरोबर दिलं आणि लिहिलं, 'बाळा, आधी जेवून घे.' आता म्हणे तो प्रोग्रामही अधूनमधून शब्द गिळतो. देखरेखीच्या बाईंनी समजावलं. रागावल्या नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली.

शेऱ्याची चौकट मोठी असते, आणि रिकामी जागा मला बघवत नाही. मला वाटलं, शेरा म्हणजे बंद पाकीट, ज्याचं त्याला पोचतं. म्हणून घरातलेही चार शब्द लिहीत गेले. काल नातीनं कपाळावर हात मारला. "आजी, इथे सगळं उघडं असतं. तुझे शेरे कोणीही वाचतं." एकशे बारा शेरे, बाई. सोडून द्यावं म्हटलं, तर आपण निघालो तरी शेरे तिथेच राहतात.

तुझी,
थोरली

ता.क. त्यातला एक शेरा तुझ्याबद्दल आहे. तुझा डावा कान गेलाय आणि सुनेपुढे तू न ऐकताच मान हलवतेस, एवढंच. नाव घातलं नाही, 'माझी धाकटी बहीण' लिहिलं. (मला एकच आहे.) बावीस जणांनी कानाच्या यंत्राचे सल्ले दिलेत, त्यातले तीन खरंच चांगले आहेत.

आणखी एक. तुझी सूनही परवापासून तिथे आवाज देते. मीच कौतुकानं सांगितलं होतं तिला. शेरे अजून वाचले नसावेत.

शेवटचं. जिच्याबद्दल लिहिलंय तिनं मागणी केली तर शेरा काढतात, पण मागणी सभासदालाच करता येते. फॉर्म सोबत आहे, आजच सही कर. ओळख देणाऱ्या सभासदाच्या जागी मी माझी सही केलीये; ओळख देणाऱ्याला सभासद राहावंच लागतं, म्हणजे आता मलाही सोडता यायचं नाही.